सोनोग्राफी सेंटरची पाटी आणि एकविसावं गुणसूत्र

कर्वे रोड असो की हडपसर, पुण्यातल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी असतेच. त्याच पाटीखाली तिसऱ्या महिन्यातल्या एनटी स्कॅनसाठी, म्हणजे बाळात डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रदोष असण्याची शक्यता किती हे पाहण्यासाठी, बायका नंबर लावून बसलेल्या असतात. पाटी आणि ही तपासणी, दोन्हींची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत.

डाऊन सिंड्रोमचं वर्णन इंग्लंडमधल्या जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ मध्येच केलं होतं. कारण कळायला मात्र जवळपास शतक गेलं. माणसाची गुणसूत्रं ४८ असंच तोवर शिकवलं जाई. ती ४६ आहेत हे जो हिन टियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमध्ये १९५६ साली दाखवलं. मग १९५९ मध्ये पॅरिसच्या गटाला या मुलांत एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीन आढळलं. पेशी वाढवण्याचं किचकट काम मार्थ गोतिए यांचं, नाव झालं जेरोम लजन यांचं. टर्नर आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोम या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांतल्या दोषांचा उलगडाही त्याच वर्षीचा.

बहुतेकदा हा स्त्रीबीज तयार होतानाचा अपघात असतो: गुणसूत्रांची जोडी सुटी होत नाही. आईच्या वयाबरोबर धोका वाढतो, पण ग्रहणात विळी हातात घेतल्याने काही होत नाही. आजही सुनेला ते ऐकावं लागतंच! सुमारे तीन-चार टक्के मुलांत जादा एकविसावं गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेलं असतं. ते आई किंवा वडिलांकडून आलेलं असू शकतं. म्हणून पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी मुलाचं कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करून घ्यायला डॉक्टर सांगतात.

गर्भजलातल्या पेशींवरून गर्भाचं लिंग ओळखता येतं, हे कोपनहेगनच्या डॉक्टरांनी १९५६ मध्येच दाखवलं होतं. त्याच पेशींतली गुणसूत्रं मोजणं १९६६ मध्ये जमलं. आपल्याकडे ही तपासणी सत्तरच्या दशकात आली ती दोष शोधायला, आणि वापरली गेली मुली पाडायला. महिला संघटनांनी रान उठवलं, तेव्हा १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ चा. गुणसूत्रदोषाच्या तपासणीला त्यात मुभा आहे, लिंग सांगायला नाही.

या तपासणीची दुसरी अडचण वेळेची होती. गर्भजल साधारण सोळाव्या आठवड्याच्या सुमारास काढतात, पेशी वाढून रिपोर्ट यायला आणखी दोनेक आठवडे लागतात आणि १९७१ च्या कायद्यात गर्भपाताची मर्यादा वीस आठवड्यांची. २०२१ च्या दुरुस्तीने गंभीर व्यंगाच्या बाबतीत ही मर्यादा काढली. चोवीस आठवड्यांनंतरचा निर्णय आता वैद्यकीय मंडळाकडे जातो.