बिअर नासली की काय? ओतून देण्याआधी हे वाचा

(इंग्लंडमध्ये घरी बिअर करणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी)

"बिअर आंबवायच्या डब्यात वर पांढरं काहीतरी आलंय, सगळं ओतून देऊ का?" दुकानात सगळ्यात जास्त फोन येतात ते याच प्रश्नाचे. २३ लिटर बिअर आणि दोन आठवड्यांची वाट पाहणं, जीव तुटणारच. पण थांबा. बहुतेक वेळा बिअर ठणठणीत असते.

पहिले तीन-चार दिवस वर जाडसर, मळकट फेस येतो आणि त्याला तपकिरी कण चिकटलेले असतात. इडलीचं पीठ फुगून वर येतं तसंच हे, यीस्ट कामाला लागलंय. फेस बसला की डब्याला आतून तपकिरी कडं राहतं, यीस्टचे पांढुरके पुंजके तरंगतात. लागर प्रकारच्या बिअरच्या यीस्टला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो पुढे उडून जातो. हिरव्या सफरचंदाची किंवा लोण्याची चव लागली तर बहुधा बिअर अजून कच्ची आहे. डबा १८ ते २० अंशांवर आणखी आठवडाभर तसाच राहू द्या.

खरा संसर्ग वेगळा दिसतो. फेस बसून गेल्यावर, बऱ्याच दिवसांनी, वर कोरडा, सुरकुतलेला पांढरा पापुद्रा धरतो. दुधावरच्या सायीसारखाच, पण खाली मोठे बुडबुडे अडकलेले. हे काम लॅक्टोबॅसिलसचं (दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंद), पेडिओकॉकस या जिवाणूचं किंवा ब्रेटॅनोमायसिस या रानटी यीस्टचं. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपास लाम्बिक बिअर करताना याच मंडळींना मुद्दाम आत येऊ देतात, म्हणून पापुद्रा दिसला म्हणजे विष झालं असं नाही. व्हिनेगरचा वास आला तर मात्र डब्यात हवा शिरली आहे. ती चव मागे फिरत नाही.

हिरवी, निळी किंवा काळी, केसाळ बुरशी दिसली तर सगळं ओतून द्या. लोणच्यावर बुरा आला की काही घरांत वरचा थर काढून खालचं वापरतात, तसं इथे करू नका.

"चुकून प्यायलो तर?" यीस्टने नीट काम केलेल्या बिअरमध्ये अल्कोहोल असतं, हॉप्स (कडवटपणा आणणारी फुलं) असतात आणि पीएच (आंबटपणाचं माप) साधारण ४ ते ४.५ असतो. अशा ठिकाणी रोगाचे जंतू सहसा तग धरत नाहीत. चव बिघडते, तब्येत सहसा नाही. पण तीन दिवस उलटूनही फेस नाही आणि हायड्रोमीटरचा (साखर किती उरली ते दाखवणाऱ्या मापकाचा) आकडा जागचा हललेला नाही, तर ते नुसतं गोड पाणी पडून राहिलंय. ते चाखूही नका, टाकून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शंका असलेली बिअर बाटलीत भरायची घाई करू नका. रानटी यीस्ट आपल्या यीस्टने न खाता ठेवलेली साखरही खातं, बाटलीत वायू वाढत जातो आणि काच फुटते. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा हायड्रोमीटर लावा. १.०१० वर थांबायला हवा होता तो आकडा १.००४ वर येऊन अजून उतरतोय, तर बिअर डब्यातच राहू द्या. आधीच भरून झाली असेल आणि झाकण काढताच कारंजं उडत असेल, तर डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे आणि बाटल्यांवर जाड टॉवेल घालून सगळ्या फ्रिजमध्ये ठेवा. गार झाल्यावर एकेक उघडा, मुलांना लांब ठेवा. एखाद-दुसरीच उसळली तर बहुधा ती बाटली अस्वच्छ होती. सगळ्याच उसळल्या तर दोष डब्यातला, किंवा बाटलीत भरताना साखर जास्त पडली.

पापुद्रा आहे पण चव बरी आहे? पापुद्रा न ढवळता खालून बिअर काढून घ्या, थंड ठेवा आणि लवकर संपवा.

मग स्वच्छता. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मळ राहिला तर वरून कितीही औषध ओता, उपयोग नाही. प्लास्टिकचा डबा तारेच्या घासणीने घासू नका, चरे पडतात आणि त्यात जंतू घर करतात. संसर्ग झालेली रबरी नळी बदलाच, ती स्वस्त आहे. ब्लीच वापरलंत तर त्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल मिसळू नका, विषारी वायू होतो.

ही बिअर घरच्यासाठी आहे. १९६३ पासून इथे त्याला परवाना लागत नाही, विकायला मात्र लागतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, म्हणून "गावी बिअर करायचं किट पाठवा" म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो.

तरीही ठरवता येत नसेल तर स्वच्छ बाटलीत पेलाभर बिअर घेऊन या. वास घेऊन, चाखून सांगू, पैसे घेत नाही. येताना डब्याचा नळही सोडवून आणा. आमच्या स्वतःच्या दोन खेपा एकापाठोपाठ आंबट झाल्या तेव्हा डबा लखलखीत होता, आणि नळाच्या आतल्या चकतीमागे जुन्या बिअरचा चिकट थर बसलेला होता.