‘बिडी पेतो’ ही चूक नव्हे

भंडारा-गोंदियाकडचा माणूस ‘बिडी पेतो’ म्हणाला की लगेच दुरुस्ती येते: ‘ओढतो म्हण, पितात ते पाणी.’ तेंदूपत्ता तोडणाऱ्या आमच्या माणसांनी हे किती वर्षं ऐकून घ्यायचं? बसमधल्या पाटीवरचा ‘धूम्रपान’ शब्दच पाहा. त्यातलं ‘पान’ संस्कृत ‘पा’ धातूचं, म्हणजे पिणं. चरकसंहितेतला औषधी धूरसुद्धा प्यायचाच आहे: धूमपान. ‘ओढणे’त दम खेचणं दिसतं, ‘पेणे’त धूर आत घेणं, दोन्ही मराठीच. हिंदी आणि गुजरातीतही बिडी पितात. तुर्कीत पाणी आणि सिगारेट दोन्हींना एकच क्रियापद, ‘इचमेक’. 17व्या शतकातले इंग्रजही तंबाखू ‘ड्रिंक’ करत. आणि बंगाली माणूस सिगारेट खातो, पाणीही खातो!