गवत ओलं करणं वेगळं आणि भिजत घालणं वेगळं

मार्च ते मे माथेरानची लाल माती अशी उडते की संध्याकाळी तट्टूच्या नाकपुड्या पुसल्या की फडकं लाल होतं. मग तट्टू ठसकायला लागलं की जो तो सांगतो, गवत भिजवून घाल. आणि तट्टू जाड झालंय, मानेवरची चरबी हाताला घट्ट लागतेय, लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतल्या सुजेची, भीती आहे, तरी सल्ला तोच, गवत भिजवून घाल. सल्ला एकच वाटतो पण कामं दोन आहेत, आणि इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो.

खोकल्याचं आधी बघू. रस्त्याची धूळ दिसते म्हणून सगळा दोष तिला जातो, पण खरा त्रास बऱ्याचदा वाळलेल्या गवतातल्या बुरशीच्या बारीक कणांचा असतो, ते कण श्वासनळीला सूज आणतात. हा एक प्रकारचा दमाच आहे, ताप नसतो, तट्टू खाताना किंवा चालायला सुरुवात केली की खोकतं. इथे गवत फक्त पूर्ण ओलं व्हायला हवं, दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवलं की कण उडत नाहीत, काम झालं. वरवर शिंपडून मात्र भागत नाही, पेंढी सोडून बघा, आत कोरडीच असते. आणि ओलं केलेलं वाळायच्या आत संपलं पाहिजे. कोरडा कोंडा तोबऱ्यात भरून तोंडाला बांधणं तर या तट्टूसाठी सगळ्यात वाईट, धूळ सरळ नाकात जाते. गवताला कुबट वास असेल तर ओलं करून खपवू नका, फेकून द्या.

लॅमिनायटिसमध्ये धुळीचा काही संबंधच नाही. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे असतात, ते सुजतात, आणि जास्त साखर-स्टार्च हे त्याचं एक मोठं कारण. इथे गवत भिजवायचं ते साखर पाण्यात उतरावी म्हणून, त्यामुळे दहा मिनिटांनी काही होत नाही, भरपूर पाण्यात तासभर तरी ठेवावं लागतं. नंतर बादलीतलं पाणी चहासारखं दिसतं, ती साखर त्यातच असते, म्हणून ते ओतून द्यायचं, तट्टूला प्यायला ठेवायचं नाही. पण साखर किती उतरली याचा नेम नसतो, गवतागवतात फरक असतो, त्यामुळे भिजवलंय म्हणून कितीही घाला असं होत नाही. गवत कोरडं असतानाच तोलायचं, जाड तट्टूला साधारण वजनाच्या दीड टक्का, म्हणजे 200 किलोच्या तट्टूला दिवसाला 3 किलो. आणि गवत भिजवून वर चणे-गूळ चालूच ठेवला तर सगळी मेहनत वाया.

थंडीच्या देशात लोक रात्रभर भिजवतात, ते वाचून आपल्याकडे तसं करू नका. एप्रिलच्या उकाड्यात ते गवत आंबतं, त्यात जंतू वाढतात, सकाळी आंबट वास येतो. आपल्याकडे सावलीत, गार पाण्यात तासभर बस.

एकाच तट्टूला दोन्ही त्रास असतील तर तासभराचं भिजवणं दोन्हीला चालतं. वाफवलेल्या गवताने धूळ बसते, बुरशी मरते, पण साखर जवळपास तेवढीच राहते, म्हणून एकट्या वाफेवर विसंबू नका.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खोकल्यासाठी डॉक्टर कधी कधी स्टेरॉइड देतात, आणि आधीच धोका असलेल्या तट्टूत त्याने लॅमिनायटिस उठू शकतो असं मानलं जातं, म्हणून इंजेक्शनच्या आधीच डॉक्टरांना सांगा की हे जाड आहे किंवा याला आधी लॅमिनायटिस होऊन गेलाय. त्यानंतर रोज खुरांना हात लावा. खूर गरम लागले, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी जोरात उडताना जाणवली, किंवा तट्टू पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभं राहिलं तर चालवू नका, मऊ जमिनीवर उभं करा, खुरांना बर्फ लावा आणि डॉक्टरांना लगेच फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका.