रिसीव्हर स्वस्त चालेल, आकाश मोकळं हवं

गाडीत लावायच्या जीपीएस रिसीव्हरच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुतेक वेळा सगळ्यात कमी कामाचा असतो. ‘७२ चॅनल’, ‘९९ चॅनल’ वगैरे, म्हणजे एका वेळी किती सिग्नलांचा माग ठेवता येतो तो आकडा. ऐकायला भरभक्कम वाटतं. पण आपली जागा काढायला उपग्रह लागतात फक्त चार, आणि मोकळ्या मैदानात एका यंत्रणेचे आठ-दहा उपग्रह एका वेळी सहज हाती लागतात. जास्तीचे चॅनल सुरुवातीच्या शोधाशोधीत उपयोगी पडतात, नाही असं नाही. पण आजच्या साध्यातल्या साध्या चिपमध्येही ते पुरेसे असतात. त्या आकड्यासाठी चार पैसे जास्त मोजण्यात काही अर्थ नाही. मग कशासाठी मोजावेत? ते ठरवायचं तर ही चिप आत काय करते ते आधी बघायला हवं.

पुष्कळांची समजूत अशी असते की वरून उपग्रह आपली गाडी बघत असतो. तसं काही नाही. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून साधारण बारा तासांत पृथ्वीला एक फेरी घालतो आणि अखंड मुख्यतः दोन गोष्टी सांगत राहतो: माझ्या घड्याळात आत्ता किती वाजलेत, आणि मी माझ्या कक्षेत कुठे आहे. आपला रिसीव्हर फक्त ऐकतो, उलट काहीच पाठवत नाही. म्हणून एकाच वेळी कितीही गाड्यांनी ऐकलं तरी उपग्रहावर भार पडत नाही, आणि जागा काढण्यापुरती इंटरनेटचीही गरज नसते. गाडी कुठे आहे हे तिसऱ्या कुणाला कळतं तेव्हा ती माहिती मोबाइलच्या नेटवर्कवरून किंवा दुसऱ्या एखाद्या प्रक्षेपकातून गेलेली असते, जीपीएसकडून नव्हे.

आता मोजमापाकडे. उपग्रह डोक्यावर असेल तर त्याचा संदेश सुमारे ६७ मिलिसेकंदांत आपल्यापर्यंत येतो. निघाल्याची वेळ संदेशातच असते; पोहोचल्याची वेळ आपल्या घड्याळात बघायची, वजाबाकी करायची, प्रकाशाच्या वेगाने गुणायचं, की अंतर हातात. अडचण एवढीच की प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. उपग्रहात अतिशय अचूक अशी आण्विक घड्याळं असतात. आपल्या डॅशबोर्डवरच्या यंत्रात मात्र मनगटी घड्याळात असतो तसलाच क्वार्ट्झचा स्फटिक. तो मायक्रोसेकंद सोडाच, मिलिसेकंदानेही चुकू शकतो, आणि एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे ३०० किलोमीटर.

यातून काढलेला मार्ग मला या साऱ्या तंत्रातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. आपलं घड्याळ चुकलेलं असेल, तर ते सगळ्या उपग्रहांच्या बाबतीत सारखंच चुकलेलं असतं. प्रत्येक अंतर तेवढ्याच फरकाने कमी किंवा जास्त येतं. म्हणजे अज्ञात गोष्टी झाल्या चार: आपल्या जागेचे तीन आकडे (अक्षांश, रेखांश, उंची) आणि घड्याळाची चूक. चार अज्ञातांना चार समीकरणं लागतात, म्हणून चार उपग्रह. चौथा उपग्रह जागा शोधायला येत नाही, घड्याळ दुरुस्त करायला येतो. या हिशेबातून स्वस्तातल्या क्वार्ट्झला जवळजवळ आण्विक घड्याळाची अचूकता मिळते, तीही फुकट. प्रत्येक रिसीव्हरमध्ये आण्विक घड्याळ घालावं लागलं असतं तर ही गोष्ट सामान्य गाडीवाल्याच्या आवाक्यात कधीच आली नसती.

आइन्स्टाइनचा सापेक्षतावादही यात आहे. उपग्रह वेगाने फिरतो म्हणून त्याचं घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, आणि पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणापासून लांब असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. गोळाबेरीज, रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे. हा फरक तसाच साचू दिला तर अंतराच्या मोजमापात दिवसाला दहा किलोमीटरहून जास्त घोळ होईल. म्हणून उपग्रह सोडण्यापूर्वीच त्याचं घड्याळ तेवढं मंद लावून ठेवतात. खरेदी करणाऱ्याने याची काळजी करायचं कारण नाही. स्वस्त-महाग सगळ्यांना हे सारखंच मिळतं.

खरं तर मोकळ्या आकाशाखाली जवळपास सगळंच सारखं मिळतं. पहिला जीपीएस उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ मध्ये यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाली. मात्र अमेरिकेचं लष्कर नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. २ मे २००० पासून ते बंद झालं. आज उघड्या रस्त्यावर साधा मोबाइलसुद्धा पाचेक मीटरच्या आत जागा दाखवतो. आता रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बेईदोऊ या जगभर चालणाऱ्या यंत्रणाही आहेत, आणि बहुतेक नव्या चिप या सगळ्यांचे उपग्रह ऐकतात. हायवेवर याने फारसा फरक पडत नाही. दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि मध्ये आकाशाची चिंचोळी पट्टी असली की पडतो, कारण त्या पट्टीत जीपीएसचे दोनच उपग्रह असले तरी बाकीच्यांचे आणखी चार-पाच सापडतात. चॅनलच्या आकड्याऐवजी या यंत्रणांची नावं खोक्यावर आहेत का ते शोधावं.

पण चिप कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंत सिग्नल पोहोचायला हवा, आणि तो विश्वास बसणार नाही इतका क्षीण असतो. उपग्रहाचा प्रक्षेपक जेमतेम पंचवीस-पन्नास वॅटचा. एवढ्या लांबून येईपर्यंत अँटेनाच्या पदरात एका वॅटच्या दहा हजार लाख कोटींशाच्या आसपास काहीतरी पडतं. अँटेनाच्या आणि विद्युत मंडलाच्या स्वतःच्या उष्णतेतून होणारी खरखरसुद्धा याहून मोठी असते. रिसीव्हरला तो सापडतो तो केवळ त्याचा साचा आधीच माहीत असल्यामुळे: प्रत्येक उपग्रहाची १०२३ अंकांची ठरलेली खूण असते आणि ती दर मिलिसेकंदाला पुन्हा येते. भर बाजाराच्या गलक्यात कुणी आपल्या नावाने हाक मारली तर कान टवकारले जातात, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून यंत्र कोणतं यापेक्षा ते कुठे लावलंय हे अनेकदा जास्त महत्त्वाचं ठरतं. काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर ऊन अडवण्यासाठी किंवा काच तापवण्यासाठी धातूचा पातळ थर असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, सिग्नलला मात्र आडवा येतो. अशा काचांवर बहुधा आरशाच्या मागे थर नसलेला एक तुकडा सोडलेला असतो. रिसीव्हर तिथे लावावा. कप धरायच्या खाचेत किंवा गिअरजवळच्या कप्प्यात ठेवलेल्या मोबाइलला अर्धं आकाशही दिसत नाही, आणि मग दोष ॲपला दिला जातो. दुसरा शत्रू म्हणजे हलक्या प्रतीचा चार्जर किंवा डॅशकॅम. त्यांच्यातून निघणारा विद्युत गोंगाट नेमका जीपीएसच्या वारंवारतेच्या पट्ट्यात पसरला तर जवळचा रिसीव्हर बहिरा होतो. संशय आला तर चार्जर काढून पाहावा. उपग्रहांची संख्या एकदम वाढली तर गुन्हेगार सापडला.

बाहेरची अँटेना जोडायची सोय असलेलं यंत्र मिळालं तर त्याला झुकतं माप द्यावं. छपरावर चिकटणारी, चुंबकाच्या तळाची छोटी अँटेना फार महाग नसते, आणि लोखंडी छप्पर तिला अडवण्याऐवजी मदतच करतं: खालून परावर्तित होऊन येणारे सिग्नल ते रोखतं.

परावर्तन हा शहरातला खरा त्रास आहे. समोरच्या इमारतीच्या काचेवर आपटून आलेला सिग्नल लांबच्या वाटेने येतो, रिसीव्हर त्याला सरळ आलेला समजतो आणि बाण शेजारच्या गल्लीत उडी मारतो. इथे मात्र जादा पैसे मोजण्यासारखी एक गोष्ट आहे. जुना नागरी सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. नव्या उपग्रहांवरून ११७६.४५ मेगाहर्ट्झवर दुसरा सिग्नलही येतो, त्याला एल-५ म्हणतात. त्याच्या खुणेतले अंक दहापट वेगाने येतात, म्हणून सरळ आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळे ओळखणं सोपं जातं. शिवाय वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, सिग्नल रेंगाळतो आणि त्यामुळे काही मीटरांची चूक होते. दोन वारंवारता वेगवेगळ्या प्रमाणात रेंगाळतात, तेव्हा दोन्ही ऐकणारा रिसीव्हर ती चूक स्वतःच काढून टाकतो. २०१८ साली ही सोय पहिल्यांदा मोबाइलमध्ये आली. दाटीवाटीच्या शहरात रोज गाडी चालवणाऱ्याने ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ किंवा ‘एल-५’ हे शब्द बघून घ्यावेत. गावोगाव हायवेने फिरणाऱ्याला त्याची गरज नाही.

पडद्यावरचा बाण रस्त्याच्या अगदी मधोमध चालताना दिसतो, त्यावर मात्र फार विसंबू नये. मोजलेली जागा रस्त्याच्या कडेला शेतातही असू शकते. सॉफ्टवेअर तिला जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतं. उड्डाणपूल आणि त्याच्या खालचा रस्ता यांत यंत्राचा गोंधळ होतो तो त्यामुळेच. उपग्रह सगळे आपल्या वरच्या बाजूला असतात, खाली एकही नसतो, म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा साधारणपणे मोठी. पुलाची उंची त्या चुकीत बुडून जाते आणि यंत्र अंदाज करतं. बोगद्यात तर सिग्नलच नसतो. तिथे वळण ओळखणारे संवेदक असलेली यंत्रं, आणि गाडीत बसवूनच येणारी, चाकांच्या फेऱ्या मोजणारी यंत्रं काही काळ सावरून घेतात. काचेवर चिकटवायच्या स्वस्त यंत्राकडून ही अपेक्षा ठेवू नये.

बरेच दिवस बंद असलेलं यंत्र सुरू व्हायला वेळ लावतं म्हणून ते नादुरुस्त समजायचं कारण नाही. उपग्रह आपली माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट वेगाने पाठवतो. एका उपग्रहाच्या कक्षेचा नेमका तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो, आणि साऱ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पुरं यायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाइल हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात मिळवतो, म्हणून तो चपळ वाटतो. स्वतंत्र यंत्र लावून लगेच निघालं तर झाडांखालून, पुलाखालून जाताना संदेश तुटत राहतो. मोकळ्या जागी मिनिटभर थांबून निघालेलं बरं.

वेग मात्र स्वस्त रिसीव्हरही फार छान मोजतो, कारण तो अंतर भागिले वेळ करत बसत नाही. सिग्नलची वारंवारता गतीमुळे किती सरकली यावरून काढतो. रिसीव्हरचा आकडा गाडीच्या काट्यापेक्षा कमी दिसला तर दचकू नये. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम बऱ्याच देशांत आहे, म्हणून कंपन्या तो मुळातच थोडा जास्त दाखवणारा ठेवतात. ‘सेकंदाला १० वेळा मोजणी’ ही जाहिरात शर्यतीच्या गाडीसाठी ठीक. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला १७ मीटर जाते आणि मधली जागा सॉफ्टवेअर भरून काढतं. रोजच्या गाडीला एकदा पुरे.

मग स्वतंत्र यंत्र घ्यावं की मोबाइलवरच भागवावं? माझं मत विचाराल तर चालू स्थितीतला मोबाइल हाताशी असताना आधी चांगला स्टँड आणि चांगला चार्जर घ्यावा, आणि नकाशे उतरवून ठेवावेत. काचेवर उन्हात तापून मोबाइल बंद पडत असेल, किंवा दिवसभर गाडी चालवण्याचाच धंदा असेल, तर स्वतंत्र यंत्राला अर्थ आहे. तिथे खरा खर्च रिसीव्हरचा नसून नकाशाचा असतो. रस्ते बदलतात, एकेरी होतात, नवे पूल येतात. नकाशा जुना असेल तर पाच मीटरची अचूकता फक्त चुकीच्या वळणावर अचूक नेऊन सोडते. ‘आजीवन नकाशे’ असं लिहिलेलं असेल तर बारीक अक्षरं वाचावीत. ते आजीवन यंत्राचं असतं, आणि यंत्राचं आयुष्य कधी संपलं ते कंपनी ठरवते.

वापरलेलं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर आणखी एक गंमत माहीत हवी. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक ० ते १०२३ एवढाच जातो. मोजणी ६ जानेवारी १९८० पासूनची. १०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून थोडा जास्त काळ लोटला की क्रमांक पुन्हा शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं, पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची. काही यंत्रांतलं सॉफ्टवेअर ही मोजणी स्वतःच्या जन्मतारखेपासून धरतं, त्यामुळे त्यांचा घोटाळा मधल्याच एखाद्या दिवशी होतो. असं यंत्र जागा कदाचित बरोबर सांगेल, पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दाखवेल, पोहोचण्याच्या वेळेत घोळ घालेल, कधी उपग्रह शोधतच बसेल. विकणाऱ्यासमोरच ते उघड्यावर नेऊन चालू करावं, उपग्रह सापडू द्यावेत आणि पडद्यावर तारीख कोणती उमटते ते पाहावं.