पंधरा वर्षांनंतर खासगी कारचं पासिंग : अर्ज आणि कागदपत्रं

टॅक्सी-टेम्पोवाल्यांना फिटनेससाठी आरटीओची वारी ठरलेलीच. खासगी कारला मात्र नोंदणीपासून १५ वर्षं कुणी तपासणीला बोलवत नाही. तोवर सांभाळायचं ते पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र. नव्या गाडीला पहिलं वर्ष ते लागत नाही. पुढे बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांना वर्षातून एकदा, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी काढावं लागतं.

आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, वैधतेची तारीख छापलेली असते. ती उलटली की गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. नोंदणीचं नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं. त्यापुढे दर ५ वर्षांनी हेच सगळं पुन्हा. मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत परिवहन पोर्टलवर नमुना २५ चा अर्ज भरता येतो. कारचं शुल्क ५,००० रुपये. २० वर्षांहून जुन्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. उशीर केलात तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो, तो या शुल्कात धरलेला नाही.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पॅन आणि पत्त्याचा पुरावा ठेवा. चासिस नंबरची पेन्सिल प्रिंटही लागते: कोरलेल्या आकड्यांवर शिसपेन्सिल घासायची, वर सेलोटेप दाबायचा आणि उमटलेला नंबर अर्जावर चिकटवायचा. नंबरावर गंज किंवा ग्रीस असेल तर आधी पुसून घ्या, नाहीतर एखादा आकडा उमटतच नाही.

गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर न्यावीच लागते. ब्रेक, दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, टायर हे तो पाहतो, पण एवढं गॅरेजवाला दिवसभरात करून देतो. माझ्या मते खरी अडचण येते ती आरसी आणि गाडी जुळत नाही तेव्हा. कर्ज कधीच फिटलेलं, पण बँकेचा बोजा आरसीवर तसाच. तो उतरवायला बँकेची एनओसी आणि नमुना ३५ लागतो, आणि जुन्या शाखेतून हे कागद मिळवण्यातच आठवडे जातात. गाडीला नंतर रंग बदलला किंवा सीएनजी किट बसवलं, तर त्याचीही नोंद आरसीवर हवी. सीएनजी सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी झालेली हवी. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट लावून घ्या. थकलेली ई-चलनं अर्जाआधीच भरून टाका.

म्हणून आरसी सहा महिने आधीच काढून नीट वाचा. बोजा आणि किटच्या नोंदी ६० दिवसांत उरकतीलच असं नाही. तपासणीत काही राहिलं तर निरीक्षक दोष सांगतो, तो दुरुस्त करून गाडी पुन्हा दाखवता येते.