ड्रॉप-इन सेंटर, वाकोला (मुंबई)

समलिंगी, उभयलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींना मोकळेपणाने येऊन बसता यावे, तपासणी, समुपदेशन आणि कायदेशीर सल्ला एकाच छताखाली मिळावा, यासाठी ‘हमसफर ट्रस्ट’ने सांताक्रूझ पूर्वेतील वाकोला येथे महापालिकेच्या इमारतीत उभे केलेले केंद्र. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात ‘डीआयसी’. पुढे देशात इतरत्रही अशी केंद्रे उभी राहिली.

पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये समलिंगी समाजासाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. त्या काळी भेटीगाठी व्हायच्या त्या बागांत आणि रेल्वे स्थानकांवर. तिथे पोलिसांची धास्ती आणि पैसे उकळणाऱ्यांचा त्रास कायमचा. हक्काची जागा हवी, या निकडीतून १९९४ मध्ये राव कवी, सुहेल अब्बासी आणि श्रीधर रंगायन यांनी ट्रस्ट स्थापला. मुंबईत जागा मिळाली ती एड्स प्रतिबंधाच्या निमित्ताने. केंद्राचे बळ यातून आले आणि त्याच्या मर्यादाही यातूनच आल्या. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ लागू असताना पालिकेच्या इमारतीत बसता येणे हा केवढा आधार होता, हे आज, तो गुन्हा न राहिल्याच्या २०१८ च्या निकालानंतर वयात आलेल्यांना सांगावे लागते.

अशा केंद्रांचा रोजचा गाडा राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या ‘टार्गेटेड इंटरव्हेन्शन’ (जोखीमगटांपर्यंत थेट पोचण्याच्या) पद्धतीने चालतो. समाजातलाच एक ‘पीअर एज्युकेटर’ साधारण ६० जणांशी संपर्क ठेवतो. त्यांच्यावर ‘ओआरडब्ल्यू’, म्हणजे आउटरीच कार्यकर्ता असतो. दर तिमाहीला आरोग्य तपासणी, सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी. कंडोम नुसते वाटून भागत नाही, लाकडी नमुन्यावर करून दाखवावे लागते: तारीख पाहायची, कंडोम एका बाजूला सारून पाकीट दुसऱ्या कडेने फाडायचे (दातांनी नव्हे), टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग मुळापर्यंत उलगडायचे. कंडोम फाटल्याची तक्रार आली की बहुतेकदा कारण खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन निघते. तेलाने लॅटेक्स कमकुवत होते. म्हणून पाण्यावर आधारित जेलची पुडी सोबतच द्यायची. धोका घडून गेला असेल तर ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे, २८ दिवसांचा पीईपी (एचआयव्हीची लागण टाळणारा) औषधोपचार सुरू व्हावा लागतो. सोमवारपर्यंत थांबू म्हणणाऱ्याला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात सोबत घेऊन जाणे हे चांगल्या कार्यकर्त्याचे काम.

जागा निवडताना स्थानक किंवा बसथांबा जवळ हवा आणि प्रवेश असा हवा की येणाऱ्यावर शेजाऱ्यांच्या नजरा खिळू नयेत. बैठकीची खोली, दार लागणारी समुपदेशनाची खोली, स्वच्छतागृह आणि पूर्ण उंचीचा आरसा एवढे किमान लागते. आरसा चैनीचा नाही. दिवसभर शर्ट-पँटमध्ये नोकरी करणारी कोती (स्त्रीभाव असलेली, जन्माने पुरुष व्यक्ती) घरी साडी नेसू शकत नाही. ती इथे येऊन नेसते, कुंकू लावते, तासभर बसते आणि पुन्हा कपडे बदलून लोकल पकडते. पहिल्या भेटीत फॉर्म पुढे सरकवला की माणूस परत येत नाही. आधी चहा, आणि तो सांगेल तेच नाव. फोन कधी करावा हेही त्यालाच विचारावे. दुसऱ्या कुणी उचलला तर संस्थेचे नाव सांगू नये. एचआयव्हीबाबतची माहिती संमतीविना उघड करणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून नोंदवही कुलपात हवी.

डेटिंग ॲपवर ओळख काढून, चित्रफीत करून खंडणी मागण्याचे प्रकार केंद्रांकडे सतत येतात. पहिला सल्ला: पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट, नंबर, व्यवहाराचा तपशील जपा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा आणि पोलीस ठाण्यात एकटे जाऊ नका. प्रौढांमधील संमतीचे संबंध आता गुन्हा नाहीत, खंडणी मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे, हे ठामपणे सांगणारे माणूस शेजारी असले की तक्रार नोंदवून घेण्याची शक्यता वाढते.

उणीव मोठी आहे ती गणतीत न येणाऱ्यांची. निधी एचआयव्हीच्या जोखीमगटांसाठी असल्याने लेस्बियन, उभयलिंगी स्त्रिया आणि ट्रान्स पुरुष त्या हिशेबात बसत नाहीत. हमसफरने त्यांच्यासाठी ‘उमंग’ आणि तरुणांसाठी ‘यारियाँ’ हे गट चालवले. मुंबईतील ‘लेबिया’ (पूर्वीचा ‘स्त्री संगम’, १९९५) हा गट तर स्वतंत्रपणेच उभा राहिला. अनुदानाचा हप्ता रखडला की आधी मानधन थांबते, मग अनुभवी पीअर सोडून जातो, आणि त्याच्याबरोबर त्या ६० जणांचा विश्वासही जातो. नव्या माणसाला तो पुन्हा शून्यापासून मिळवावा लागतो. प्रकल्प संपल्यावरही भाडे भरता येईल एवढी वर्गणी किंवा देणग्या वेगळ्या ठेवणे, हे नव्याने केंद्र काढणाऱ्यांनी पहिल्या वर्षापासून करावे.

पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ २००२ मध्ये स्थापन झाला. जवळपास केंद्र नसलेल्या तालुक्यांतून एचआयव्हीविषयी १०९७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक विनाशुल्क लागतात. टेलिमानसवर मराठीतून बोलता येते.