ट्रेलर हिच (कौटुंबिक मोटारीवरील)

ट्रेलर हिच : मोटारीच्या मागच्या बाजूला, चासीला किंवा बॉडीच्या तळाला बोल्टने आवळून बसवलेला पोलादी सांगाडा. छोटा ट्रेलर, होडी किंवा कॅरव्हॅन ओढण्यासाठी तो वापरतात. अनेक जण तो केवळ सायकलींचा रॅक टांगण्यासाठी बसवून घेतात. याला ‘टो-बार’ असेही म्हणतात. हिचच्या टोकाला असलेल्या पोलादी गोळ्यावर ट्रेलरच्या दांडीची वाटी बसते आणि खटक्याने बंद होते. त्यामुळे ट्रेलर वळणावर डावीउजवीकडे फिरतो, चढउतारावर वरखाली झुकतो, पण निसटत नाही.

हिच घेताना सर्वांत जास्त फसगत होते ती त्याच्यावर छापलेल्या आकड्याने. तो आकडा हिचचा असतो, गाडीचा नव्हे. ७०० किग्रॅ. ओढायची परवानगी असलेल्या गाडीला दुप्पट ताकदीचा हिच लावला, तरी गाडी ७०० किग्रॅ.चीच राहते. हिच, गोळा, गोळ्याचा आधार, ट्रेलरची वाटी, साखळ्या आणि स्वतः गाडी यांत ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच सगळ्यांची मर्यादा. म्हणून आधी गाडीचे माहितीपुस्तक आणि दाराच्या चौकटीवरची पट्टी पाहायची, हिच नंतर. एकाच मॉडेलमध्ये इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलला की ओढण्याची क्षमता बदलते, आणि काही छोट्या व हायब्रिड गाड्यांना उत्पादकाने ओढण्याची परवानगीच दिलेली नसते. अशा गाडीसाठी बाजारात हिच मिळतो, हा परवानगीचा पुरावा नाही. तो बहुधा सायकल-रॅकपुरता असतो.

ओढण्याची क्षमता ठरवण्याच्या रीती प्रदेशानुसार वेगळ्या आहेत. युरोपात पूर्ण भरलेली गाडी पूर्ण भरलेल्या ट्रेलरसह १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून हलवता आली पाहिजे. अमेरिकेतील एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकात अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमच्या चढावर आधारलेली चाचणी आहे. सुमारे १८ किमी.चा तो चढ कडक उन्हाळ्याच्या तापमानात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून चढायचा असतो. साहजिकच एकाच गाडीचे दोन बाजारांतले आकडे जुळत नाहीत, आणि परदेशी माहितीपत्रकातला मोठा आकडा आपल्या सोयीने उचलणे धोक्याचे ठरते.

हिचचे वर्गीकरणही तसेच दोन तऱ्हांचे. उत्तर अमेरिकेत वर्ग १ (९०७ किग्रॅ.पर्यंत) आणि वर्ग २ (१,५८८ किग्रॅ.पर्यंत) हे बहुतेक कौटुंबिक मोटारींसाठी असतात, गोळ्याचा आधार किंवा रॅक ज्यात खुपसतात ती त्यांची चौकोनी नळी सहसा सव्वा इंच असते. वर्ग ३ पासून दोन इंची नळी येते. सायकल-रॅकच घ्यायचा असेल, तरी गाडीला चालत असल्यास दोन इंची नळी बरी, कारण तिच्यासाठी रॅकची निवड मोठी असते. युरोपीय पद्धतीत नळीऐवजी हंसाच्या मानेसारखा वाकवलेला दांडा असतो आणि त्याची ताकद ‘डी-मूल्या’ने सांगतात. गाडी व ट्रेलर यांच्या टनांतील वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज, गुणिले ९.८१ असे ते काढतात. १.८ टनांची गाडी आणि १.२ टनांचा ट्रेलर असेल, तर उत्तर सुमारे ७.१ किलोन्यूटन येते. हिचच्या पट्टीवरचे डी-मूल्य त्याहून कमी नको.

ओढायच्या वजनाची चर्चा सगळेच करतात; खरी मेख मात्र गोळ्यावर उभ्या दिशेने येणाऱ्या भारात असते. मागे जास्त ओझे झालेली बैलगाडी ‘उलाळ’ होते, म्हणजे तिची पुढची बाजू वर उचलली जाते. ट्रेलर उलाळ झाला की वेगात शेपटीसारखा झुलू लागतो, आणि ते झुलणे एकदा वाढले की गाडीलाही सोबत ओढते. म्हणून माल थोडा पुढे, आसाच्या अलीकडे रचतात. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर यावा असा दंडक आहे. युरोपातल्या मोटारींवर मात्र ७५ किंवा १०० किग्रॅ. अशी कमाल मर्यादा सर्रास दिसते आणि प्रमाणही कमी धरले जाते.

हा भार वाटतो त्यापेक्षा जास्त जाणवतो. गोळा मागच्या आसाच्या एक मीटर मागे आणि दोन आसांतले अंतर २.७ मीटर धरले, तर गोळ्यावरचे ७५ किग्रॅ. मागच्या चाकांवर सुमारे १०३ किग्रॅ. होतात आणि पुढची चाके २८ किग्रॅ.ने हलकी होतात. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीची पकड तेवढीच कमी होते. शिवाय हा भार गाडीच्या सामान-क्षमतेतून वजा होतो. ४५० किग्रॅ. क्षमतेच्या गाडीत पाच माणसांचे ३५० गेले, गोळ्यावरचे ७५ गेले, खुद्द हिचचे २० गेले, की डिकीसाठी उरतात ५ किग्रॅ. हा हिशोब घरातल्या घरात करून पाहावा, डोळे उघडतात. भार मोजायला घरचा वजनकाटाही चालतो : सपाट जागेवर ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावायचे, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून दांडीची वाटी त्यावर टेकवायची आणि दांडी आडवी, जमिनीला समांतर असताना आकडा वाचायचा.

गोळ्याचा व्यास वाटीशी तंतोतंत जुळावा लागतो. उत्तर अमेरिकेत १⅞, २ आणि २ ५/१६ इंच असे तीन प्रचलित आहेत. युरोपात व इतर बऱ्याच देशांत ५० मिमी.चा एकच. दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी., म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, पण सारखे नाहीत. खरा धोका लहान गोळ्यावर मोठी वाटी बसवण्याचा : खटका बसतो, सरळ रस्त्यावर काही होत नाही आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात वाटी उडते. अशा वेळी उपयोगी पडाव्यात म्हणून साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावतात. सुटलेली दांडी त्या झोळीत अडते, रस्त्यात रुतत नाही.

बसवणे : त्या मॉडेलसाठीच बनवलेला हिच असेल, तर बहुतेक गाड्यांत वेल्डिंग किंवा नवी भोके लागत नाहीत, चासीवर कारखान्यातूनच भोके असतात. युरोपीय पद्धतीच्या अनेक हिचसाठी बंपर उतरवून आतली धडक-पट्टी काढावी लागते, कारण हिचचा आडवा दांडाच तिची जागा घेतो. सायलेन्सर आड येत असेल, तर त्याचे रबरी लोंबते साबणाचे पाणी लावून सोडवतात आणि तो खाली टेकवतात. कोरडे रबर ओढत बसण्यात अर्धा तास जातो. गाडी नुसत्या जॅकवर सोडून खाली शिरू नये, स्टँड लावावेत.

चासी बंद पेटीसारखी असेल, तर बोल्ट आतून बाहेर काढायचा असतो. त्यासाठी टोकाला स्प्रिंगसारखे वेटोळे असलेली तार भोकातून आत घालतात, पेटीच्या मोठ्या तोंडातून बाहेर काढतात, तिच्यात आधी जाड चौकोनी वॉशर ओवतात, मग बोल्टचे आटे वेटोळ्यात फिरवून सगळे हलकेच मागे ओढतात. घाईत झटका दिला की बोल्ट आत पडतो आणि जन्मभर खुळखुळत राहतो. जिथे चासीला आधीच नट जोडलेले असतात, तिथे आट्यांत गंज व रंग साचलेला असतो. तारेच्या ब्रशने साफ करून बोल्ट आधी हाताने फिरला पाहिजे. सर्व बोल्ट सैल लावून, हिच मध्यावर आणून, मगच टॉर्क पान्याने सांगितलेल्या मापापर्यंत आवळायचे. सूचनेत नसताना आट्यांना तेल लावू नये : त्याच मापाला बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर पान्याने पुन्हा तपासणी करावी.

विद्युत जोडणी : कामाचा हा भाग लहान, पण तक्रारी यातूनच जास्त येतात. अमेरिकी साध्या ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर यांची एकच वायर असते, तर पुष्कळ गाड्यांत ती वेगवेगळी. म्हणून मधे रूपांतरक लागतो. युरोपात ७ किंवा १३ पिनांचा सॉकेट असतो. नव्या गाड्यांत दिव्यांच्या वायरी सोलून जोडल्यास गाडीचा संगणक ‘दिवा बिघडला’ म्हणतो. त्या गाडीसाठीचे स्वतंत्र मॉड्यूल घेतले, तर ट्रेलर जोडताच मागचे पार्किंग सेन्सर आपोआप बंद होतात आणि गाडी घसरू न देणाऱ्या स्थिरता-प्रणालीला ट्रेलर असल्याचे कळते. इंडिकेटर लावताच बाकीचे दिवेही मंद उघडझाप करू लागले, तर नव्वद टक्के वेळा दोष अर्थिंगचा. अर्थिंगची वायर रंग खरवडलेल्या, कोऱ्या धातूवर आवळून वर ग्रीस लावतात.

ट्रेलर नसताना गोळ्याचा आधार काढून डिकीत ठेवण्याची सोय असेल, तर ती वापरावी. उभ्या गाडीमागून जाणाऱ्याची नडगी त्यावर हमखास आपटते, आणि गोळा नंबरप्लेट झाकत असेल, तर अनेक देशांत तो काढणे बंधनकारकही आहे.